मास्तरांच्या पायाचं माप

मापाला उभा राहिलेला माणूस खोटं बोलतो, हे कपडे शिवणाऱ्या मास्तरांइतकं कोणाला ठाऊक नसेल. तोंडानं नव्हे, अंगानं. टेप कमरेभोवती आली की भलेभले पोट आत ओढतात. बारकी पोरं टाचा उचलतात. ज्यांना पोक आलंय ते असे ताठ होतात, जणू पाठीत मोजपट्टी खोचली आहे. गल्लीच्या तोंडाशी मास्तरांचं दुकान होतं, आणि तिथं त्यांनी उभा जन्म ही असली खोटी अंगं मोजली.

एकदा एक फौजदार मापाला आले. गडी मोठा रुबाबदार, पण पोटानं जरा पुढं. त्यांनी श्वास असा कोंडून धरला की चेहरा पिकल्या टोमॅटोसारखा झाला. मास्तर तेव्हा नवखे होते. दिसलं ते माप घेतलं आणि शर्ट शिवला. फौजदार तो घालून कोणाकडे तरी जेवायला गेले, दोन घास पोटात गेले, आणि मधलं बटण जे उडालं ते समोरच्या पाहुण्याच्या पेल्यात. तेव्हापासून मास्तरांनी एक युक्ती काढली. टेप लावायची आणि गिऱ्हाइकाला विचारायचं, "काय हो, तुमच्याकडे पाणी किती वाजता येतं?" माणूस उत्तराला तोंड उघडतो, कोंडलेला श्वास सुटतो, पोट आपल्या जागेवर येतं, आणि मास्तर हळूच माप वाचतात. वर म्हणायचे, "सैल सोडा हो. मला फसवून काय मिळणार? कपडा तुम्हालाच घालायचा आहे."

आता असल्या माणसानं बायकोशी लग्नापासून एकाच बाबतीत खोटं बोलावं, आणि तेही मापाच्या बाबतीत, ही गंमतच म्हणायची. पण मास्तरांना ती गंमत वाटत नव्हती. त्यांच्या पोटात ती आयुष्यभर एखाद्या गिळलेल्या टाचणीसारखी बसली होती. खोटं होतं पायाचं. मास्तर सांगायचे आठ नंबर, आणि पाय होता दहाचा.

झालं असं होतं की मास्तर उंचीनं बेताचे, अंगानं काडी, आणि पाय मात्र एखाद्या पहिलवानाचे उसने आणल्यासारखे. घरात सगळ्या भावांत हे ठेंगणे, पण दाराशी चपलांची रांग लागली की सगळ्यांत लांब जोड यांचा. वडील येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "आमच्या ह्याचे पाय आधी जन्मले, हा मागाहून आला." शाळेत नाव पडलं फावड्या. पोरं म्हणायची, फावड्या मैदानातून नुसता चालत गेला तरी वाफे तयार होतात. लहानपणी हसून घेतलेल्याचं मोठेपणी हसू येत नाही. मास्तर चारचौघांत बसताना पाय अंगाखाली दुमडून घ्यायला शिकले, आणि उभं राहताना पायाची बोटं आत वळवून मुठीसारखी आवळायला. इतकी सवय झाली की आपण आवळतोय हेही त्यांना कळेनासं झालं.

मग लग्न झालं. नवी नवलाई होती. दोघं मास्तरांच्या मामांकडे गेली. निघायच्या वेळी दाराशी चपलांचा ढीग पडलेला, आणि नव्या नवरीनं त्यातल्या एका जोडाकडे बोट दाखवून खुदकन हसत विचारलं, "अगबाई, ही होडी कुणाची हो?"

होडी मास्तरांची होती.

मास्तरांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तोंडातून निघून गेलं, "मामांची असेल." आणि एकदा असं म्हटल्यावर त्या होडीत पाय घालायचा कसा? शेजारी मामांच्या चपला होत्या. मास्तरांनी त्यात पाय कोंबले आणि घरी आले. टाच मागं लोंबकळत होती, अंगठा पुढं डोकावत होता. घरी आल्यावर नवरीनं चपला उचलून कोपऱ्यात ठेवल्या, आत छापलेला आकडा वाचला आणि मनात धरला. आठ. तिकडे मामा बिचारे साधे. उरलेला दहाचा जोड आपलाच समजून ते वापरू लागले, आणि आठवडाभरानं सगळ्यांना सांगत सुटले की मी अंगानं उतरलो, चपलासुद्धा सैल व्हायला लागल्या. मामींनी त्यांना डॉक्टरकडे नेलं, डॉक्टरांनी ताकदीचं औषध दिलं. मामांनी ते कडू औषध बाटली संपेपर्यंत निमूट घेतलं. मास्तरांना ही बातमी कळली तेव्हा त्यांना त्या रात्री जेवण गेलं नाही. पण बोलले नाहीत.

खोटं टिकलं कसं, असं कोणी विचारेल. ते धंद्यामुळं टिकलं. शिवणारा माणूस पायमशीनवर अनवाणी बसतो. दिवसभर पाय पट्टीवर, पट्टी मशीनखाली, आणि मशीन कापडाच्या ढिगाखाली. घर दुकानाच्या मागच्याच खोल्यांत. बाहेर जायचं तर उघड्या चपला, आणि उघडी चप्पल मोठी बिचारी, जेवढा पाय आत येईल तेवढा सांभाळते, उरलेला बाहेर राहू देते. मास्तर चपला फरफटत चालतात असं गल्ली म्हणायची. बायकोलाही वाटायचं, चालायची ढबच तशी आहे. तिचा स्वतःचा पाय चारचा, चिमणीएवढा. रोज डोळ्यांसमोर असलेली वस्तू कोण मोजायला जातं? तिच्या लेखी आठ नंबर म्हणजे एवढाच असायचा. मास्तरही मग आठच मागत राहिले, आणि दुकानात आठ मागताना प्रत्येक वेळी त्यांची मान थोडी खाली जायची.

बाई मोठ्या कामाच्या होत्या. गल्ली त्यांना मास्तरीणबाई म्हणायची. काज, बटणं, हातशिलाई सगळी त्यांची. उभ्यानं इस्त्री करून करून त्यांचा उजवा गुडघा झिजला, शेवटी ऑपरेशन करून नवा बसवावा लागला. डॉक्टर म्हणाले, "गुडघा आम्ही बसवला, आता तो तुम्ही चालवायचा. रोज सकाळी चाला, थोडं थोडं वाढवत. आत्ता आळस केलात तर तो आखडेल, आणि एकदा आखडला की पुन्हा माझ्याकडे येऊन उपयोग नाही. आणि चपला घालून नाही चालायचं, पायाला धरून राहणारे बूट घ्या." मग मास्तरांकडे वळून म्हणाले, "तुम्हीही जा बरोबर. तुमचीही बैठक फार आहे."

बाईंना एकट्यानं काठी टेकत मैदानावर जायचं म्हटलं की धीर व्हायचा नाही. "तुम्ही येणार असाल तर मी जाईन," त्या म्हणाल्या. मास्तर म्हणाले, येणार. हे बोलणं पक्कं झालं.

बुटांच्या दुकानात बाई बहिणीला घेऊन गेल्या. मास्तरांकडे शाळेच्या गणवेशांची घाई होती, पोरांच्या चड्ड्यांचे डोंगर पडले होते. दारातून बाईंनी विचारलं, "तुमचेही घेऊन येऊ ना? आठच ना?"

मशीन चालू होतं. एका शब्दाचं काम होतं. मास्तरांनी टिपेवरची नजर न उचलता म्हटलं, "आठच. आणखी काय असणार?"

बाईंनी स्वतःचे बूट अगदी रीतसर घेतले. मोजे घालून, उभ्या राहून, दुकानात येरझाऱ्या घालून, दोन जोड नाकारून तिसरा. मास्तरांचा जोड मात्र आकडा बघून. करडा रंग, बाजूला निळी पट्टी. घरी आल्यावर त्यांनी तो खोक्यातून असा काढला, जसं लहान मुलाला टोपडं दाखवतात. "घाला बघू."

मास्तरांनी घातले. म्हणजे पाय आत गेला, पण बाकीचा मास्तर बाहेर कळवळला. बोटं आवळायची सवय होती म्हणून मावला. "कसे आहेत?" बाईंनी विचारलं.

"झकास," मास्तर म्हणाले. डोळ्यांत पाणी आलं, ते बाईंना कौतुकाचं वाटलं.

मैदान जवळच होतं. कडेनं चालायची वाट, मध्ये मुलं खेळतात, एका बाजूला बाकं. पहिल्या सकाळी मास्तर कसेबसे निभावले. पण आवळलेल्या बोटांनी बसता येतं, उभं राहता येतं, चालता येत नाही. चालताना प्रत्येक पावलाला चवडा पसरू बघतो, अंगठा पुढं जायला बघतो, आणि पुढं भिंत. चार-सहा सकाळी गेल्या आणि अंगठ्याचं नख काळंनिळं झालं, करंगळीला फोड आला, तळव्याच्या मधोमध अशी आग की जणू इस्त्रीवर पाय पडलाय. मास्तरांनी मोजे पातळ घातले. मग काढलेच. मग आतला सुकतळा उपसून टाकला, तर खालची शिवण टोचू लागली. नाडी सैल केली, तर टाच वरखाली होऊन तिथं नवा फोड. रोज सकाळी बाई म्हणायच्या, "चला," आणि मास्तरांना ते फाशीच्या बोलावण्यासारखं वाटायचं.

बाई मात्र खुलत होत्या. काठी अजून हातात होती, पण टेकण्यापुरती. कडेच्या झाडांना नावं ठेवायच्या, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या कपड्यांची शिवण लांबूनच जोखायच्या. "त्या बाईंचा खांदा बघा कसा उतरलाय. कुणी शिवलं असेल हो ते?" मास्तर हूं म्हणायचे. बोलायला तोंड उघडलं तर ओरड बाहेर पडेल अशी भीती होती.

बाकावर एक निवृत्त कंडक्टर बसायचे. नोकरी संपली तरी तोंडातली शिट्टी संपली नव्हती. एका सकाळी मास्तर लंगडत मागं आणि बाई काठी झुलवत पुढं, असं दृश्य बघून त्यांनी मोठ्यानं हाक मारली, "काय मास्तर, नवा गुडघा वहिनींचा की तुमचा? का रांगेत उभे होतात, चुकून तुमचाच बदलला?"

बाकावरचे सगळे हसले. बाईही हसल्या. त्या सहजच हसल्या, त्यात काही नव्हतं. पण ते हसू मास्तरांच्या कानात शिरलं आणि आत कुठं तरी जुन्या जागी जाऊन बसलं. ते बाईंच्या अंगावर खेकसले, "तुझ्या ह्या गोगलगायीच्या चालीनं माझे पाय भरून येतात. माणसानं चालावं तर नीट, नाहीतर घरी बसावं."

बाई थांबल्या. पुढं तर त्याच होत्या, मागं मास्तर होते, हे दोघांनाही दिसत होतं. पण बाई एवढंच म्हणाल्या, "बरं." आणि घराकडे वळल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर उठले तर बाई चहा करत होत्या. बूट कोपऱ्यात. "आज नको," त्या म्हणाल्या. त्याच्या दुसऱ्या दिवशीही, "आज नको." मास्तरांच्या पायांना बरं वाटलं, आणि पायांना बरं वाटलं याचीच त्यांना इतकी शरम वाटली की त्यांनी चहा अर्धवट सोडला. बाई हळूहळू पुन्हा धरून धरून उठू लागल्या. खुर्चीवरून उठताना एकदा तोंडातून "आई गं" निघालं, आणि ते मास्तरांना ऐकू जाऊ नये म्हणून त्यांनी लगेच खोकल्यासारखं केलं. मास्तरांना दोन्ही ऐकू आलं.

आता सरळ माणूस काय करेल? बायकोसमोर बसेल आणि म्हणेल, अगं, माझा पाय दहाचा आहे. संपलं. पण जे पहिल्याच दिवशी सांगायचं ते इतक्या काळानं सांगायचं म्हणजे नुसता पाय सांगून भागत नाही, मधला सगळा काळ सांगावा लागतो. मास्तरांनी दुसरी वाट धरली, आणि ती फक्त शिंप्यालाच सुचेल अशी होती. ते मनाशी म्हणाले, कपडा तंग झाला तर आपण काय करतो? कपडा फेकतो काय? उसवतो, शिवणीतला दाब सोडतो, काखेत जादा कापडाची कळी घालतो. बुटालाही घालू.

दुपारी बाई बहिणीकडे गेल्या. मास्तरांनी दुकानाचं दार लोटलं, डाव्या बुटाला करंगळीच्या बाजूनं ब्लेड लावलं, वरपासून तळापर्यंत चीर दिली, आतून काळ्या जाड कापडाची कळी बसवली आणि दाभणानं टीप मारली. टीप सुरेख आली, त्यात वाद नाही. बूट मात्र गाल फुगवलेल्या बेडकासारखा दिसू लागला. मास्तरांनी पाय घातला. बाजूनं मोकळं वाटलं, ते हरखले, उभे राहिले, एक पाऊल टाकलं. अंगठा होता तिथंच, भिंतीला. कपड्याच्या शिवणीत दाब लपवून ठेवलेला असतो, बुटाच्या तळाला कसला दाब? तळ आठचा तो आठचाच. दुसऱ्या पावलाला कळी टर्रकन उसवली. मास्तर बराच वेळ हातात तो बूट घेऊन बसले. बायकोनं हौसेनं आणलेली वस्तू. मग त्यांनी ती चिंध्यांच्या पोत्यात खाली, अगदी तळाशी दाबून ठेवली.

आणि लपवायला पोतं तरी कुठलं निवडावं? त्याच पोत्यातून बाई उशीत भरायला चिंध्या काढायच्या.

दोन दिवसांनी त्या बूट हातात घेऊन दुकानात आल्या. मास्तर काजाची खूण करत होते. खडू तिथंच थांबला.

"हे काय आहे?"

"उंदरानं कुरतडलं असेल," मास्तर म्हणाले.

बाईंनी बूट उजेडाकडे धरला. "उंदीर मोठा हुशार दिसतो. सरळ चीर दिलीय, वर काळ्या दोऱ्यानं दुहेरी टीपही घातलीय. असा उंदीर मिळाला तर दुकानात ठेवून घ्या."

मास्तरांनी खडू कानामागं खोचला.

बाईंचा आवाज खाली आला. "कापायची काय गरज होती? माझ्याबरोबर चालायचं नाही, एवढं सांगितलं असतं तरी मी समजले असते. बाकावरची माणसं हसतात, काठीवाली बायको बरोबर घेऊन फिरायला नको वाटतं. वाटणारच. पण मी काय तुम्हाला धरून नेलं असतं?"

मास्तरांनी मान वर केली. हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. बाईंच्या डोळ्यांत राग असता तर सोसला असता, पण तिथं राग नव्हता. तिथं एखाद्या उसवलेल्या कपड्यासारखं काहीतरी होतं. आणि तरीही, बघा माणसाची जात, तेव्हाही मास्तरांच्या तोंडून खरं निघेना. निघालं ते असं, "तसं नाही गं. बूट लागत होते. फार लागत होते. दुकानवाल्यानं फसवलं तुला. आठचा आकडा छापलाय, आतून असेल सातचा."

बाईंचा चेहरा एकदम उजळला. मास्तरांना तो उजळलेला चेहरा पाहवेना. "लागत होते? म्हणजे बूट लागत होते म्हणून तुम्ही..." त्यांनी पदर खोचला. "दाखवा पाय." मास्तरांनी काळं नख दाखवलं, बाकीचा पाय स्टुलामागं ठेवून. बाई कळवळल्या. "आणि इतके दिवस माझ्यासाठी ह्यातून चाललात? अहो, बोलायचं नाही का? चला, उठा. बघतेच त्या दुकानाला."

"जाऊ दे ना."

"जाऊ कशी देईन? उठा म्हणते ना."

संध्याकाळ होत होती. बुटांचं दुकान लांब होतं, दोघं बसनं गेली. वाटेत बाई काय काय बोलायचं त्याची तयारी करत होत्या आणि मास्तर खिडकीतून बाहेर बघत होते. त्यांना वाटत होतं, ही बस कुठं थांबूच नये.

दुकानातल्या बाई जाड चष्म्याच्या, दिवसभर उभ्या राहून कंटाळलेल्या. पिशवीतून निघालेला बूट त्यांनी दोन बोटांनी धरला. "कापलेला माल परत घेत नाही आम्ही."

"कापला कशामुळं ते विचारा आधी," बाई म्हणाल्या. "आठ नंबर म्हणून दिलात आणि आठ हा नाहीच. माणसाचं नख मेलंय."

"आकडा कंपनी छापते, मी नाही. यांचा पाय मोठा असेल."

"ह्यांचा पाय मला सांगता? आठ आहे आठ. लग्न झाल्यापासून आठ."

चष्मेवाल्या बाईंनी उसासा टाकला, काउंटरखालून एक धातूची पट्टी काढून जमिनीवर ठेवली. टाच टेकायला मागं कड, पुढं सरकणारी खुंटी. "उभे राहा यावर. मोजे काढा."

मास्तर उभे राहिले. उभं राहताच बोटं आपोआप आत वळली, मुठीसारखी. टाच कडेला टेकली, खुंटी सरकत आली आणि आवळलेल्या बोटांशी थांबली. "आठ," चष्मेवाल्या बाई म्हणाल्या. मग चष्मा पुसून पुन्हा बघितलं. "हो, आठच दिसतंय."

"बघा," बाई म्हणाल्या. सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं म्हणाल्या. "आता बोला."

चष्मेवाल्या बाई गडबडल्या. मालक बाहेर गेला होता. "असं करते," त्या म्हणाल्या, "बदलून देते दुसरा आठ. कापलेला असला तरी देते. नशीब माझं. पण तुम्ही पाय आखडून तर उभे नाही ना हो? तसं करतात काहीजण."

"आमचे हे?" बाई हसल्या. "अहो, दुसऱ्यांचं माप खरं यावं म्हणून यांनी उभा जन्म घालवला. आणि माझ्याशी तर हा माणूस आजवर एका शब्दानं खोटं बोललेला नाही."

मास्तर सुटले होते. खरं तर पुरते सुटले होते. लबाडी जिंकली होती, दुकानातल्या बाईंनी हार मानली होती, नवा आठ नंबर येऊ घातला होता. उद्या सकाळपासून पुन्हा तोच बूट, पुन्हा तेच नख, आणि पुन्हा एखाद्या सकाळी बायकोवर खेकसणं. त्यांनी बाईंकडे बघितलं. काठीवर दोन्ही हात ठेवून त्या उभ्या होत्या, नवऱ्याची बाजू घेऊन भांडल्याच्या आनंदात लाल झालेल्या. मास्तरांना वाटलं, जमिनीनं आपल्याला गिळावं, पायांसकट.

"पुन्हा मोजा," ते म्हणाले.

"कशाला?"

"मोजा हो."

त्यांनी डोळे मिटले आणि बोटं सोडली. सहज नाही सुटली. जन्माची सवय, एक एक करून सोडावी लागली. करंगळी आधी, अंगठा शेवटी. खुंटी सरकत सरकत पुढं गेली. पाय पट्टीवर पसरला, रुंद, ऐसपैस, काळ्या नखाचा. दुकानात बाजूला एक मुलगी मैदानी बूट घालून उड्या मारून बघत होती, तिच्या उड्यांचा आवाज तेवढा येत होता.

"दहा," चष्मेवाल्या बाई म्हणाल्या. "डावा जरा दहाच्याही वर. हललात काय?"

"हललो नाही," मास्तर म्हणाले. "मघाशी आवळला होता." मग बाईंकडे न बघता म्हणाले, "मामांकडून आलो त्या दिवसापासून आठ सांगतोय."

बाईंच्या चेहऱ्यावरचा लाल रंग हळूहळू उतरला आणि जाऊन मास्तरांच्या कानांवर बसला. चष्मेवाल्या बाईंना एवढं कळलं की इथं आता बुटांचं बोलणं बरं. त्यांनी दहाचा जोड काढला. मोजे दिले. दोन्ही पायांत घालायला लावला, उभं केलं, वाकून बुटाच्या टोकावर अंगठा दाबला. "पुढं एवढी जागा पाहिजे, अंगठ्याएवढी. चालताना पाय पुढं सरकतो, त्याला जागा लागते. संध्याकाळी पाय थोडा सुजतो, तेव्हाच घेतलेला बरा. चालून बघा. टाच उचलते का? नाही ना? मग झालं." वर म्हणाल्या, "दहाला लाजायचं काय त्यात? आमच्या वरच्या फळीवर बारासुद्धा आहेत, बिनबोभाट विकले जातात."

मास्तर दुकानाच्या टोकापर्यंत जाऊन आले. पायाला काही म्हणजे काही दुखलं नाही. इतकं बरं वाटलं की त्यांना बरं वाटल्याचं तोंड कुठं लपवावं ते कळेना. नव्या जोडाचं जे द्यायचं ते त्यांनी पुढं होऊन दिलं, कापलेला बूट पिशवीत घातला. चष्मेवाल्या बाईंना म्हणाले, "चूक माझी होती. तुमची नाही." त्या म्हणाल्या, "असू दे," आणि पट्टी काउंटरखाली सरकवली.

बाहेर आले तर बाई बसथांब्यावर नव्हत्या. थांबा ओलांडून त्या पुढं निघाल्या होत्या, काठी टेकत, घराच्या दिशेनं.

"अगं, लांब आहे," मास्तर मागून म्हणाले. "बसनं जाऊ. गुडघा..."

बाई थांबल्या नाहीत. मास्तर मागं मागं चालू लागले. नव्या बुटांनी त्यांना सहज गाठता आलं असतं, पण बरोबरीनं चालायचा आपल्याला आता अधिकार नाही असं त्यांना वाटत होतं. दुकानांचे दिवे लागले होते. फळवाला टोपल्या आवरत होता, एक बाई दोन मुलांना ओढत नेत होती. बाईंची काठी टक टक वाजत होती, आणि त्या आवाजातूनच राग कळत होता.

बऱ्याच वेळानं त्या पुढं बघतच म्हणाल्या, "मला वाटलं, तुम्हाला माझ्या काठीची लाज वाटते."

"काठीची नाही गं."

"मी रात्र रात्र तेच घोळवत होते. आणि तुमचं हे. पाय."

मास्तरांनी मग सगळं सांगितलं. मामांचं दार, चपलांचा ढीग, होडी. मामांचं औषधसुद्धा सांगितलं. ऐकता ऐकता बाईंची चाल मंदावली. शेवटी त्या थांबल्याच, पण वळल्या नाहीत. "हे मी म्हटलं होतं? होडी?"

"हो."

"मला आठवतसुद्धा नाही." त्यांनी काठी या हातातून त्या हातात घेतली. "अहो, तेव्हा मी कशालाही हसायचे. नव्या घरात नवी मुलगी, हसले नसते तर रडले असते."

इतक्या काळाची ती टाचणी, आणि टोचणारीला पत्ताच नाही. उलट तीच तेव्हा घाबरलेली. हे कधी आपल्या डोक्यात आलं नाही, याची एक नवीच शरम त्यांना वाटली, आधीच्या सगळ्यांहून मोठी.

बाई पुन्हा चालू लागल्या. "आणखी काय काय लपवलंय, तेही सांगून टाका आता. पुन्हा पुन्हा दुकानात जाऊन भांडायची नाही मी."

मास्तरांनी प्रामाणिकपणे विचार केला. "तू घातलेली काजं," ते चाचरत म्हणाले. "वाकडी आली तर तू जेवायला गेलीस की मी उसवून पुन्हा घालायचो."

"ते माहीत आहे मला."

"माहीत आहे?"

"म्हणून तर मी संध्याकाळची काजं घाईत उरकायचे. तुम्ही करणारच म्हटल्यावर कशाला डोळे फोडून घ्यायचे?"

मास्तर हसले नाहीत. हसावंसं वाटलं, पण आज आपल्याला हसायची मुभा आहे की नाही याची खात्री नव्हती. ते मागंच राहिले, दोन पावलांवर. रस्ता अजून बराच बाकी होता. डॉक्टरांनी सांगितलं त्याहून कितीतरी जास्त चालणं आज एका संध्याकाळी झालं होतं, आणि गुडघा कुरकुरत का होईना, चालत होता.

"उद्या सकाळी येणार आहात की नाही?" बाईंनी विचारलं.

"तू म्हणशील तर."

"मग पुढं या. मागं राहणाऱ्याशी बोलून माझी मान आखडली."